ऑस्विनियन

सॉल्झबरी,
३ मे १९६१

चि. पर्सी यास लायनेलचे अ. आ.

गुडघा कसा आहे? दुरुस्तीला आलेल्या बोटींखाली सरपटायचं वय राहिलं नाही तुझं, पण तू कुणाचं ऐकशील तर शपथ!

आता बातमी. सेंट ऑस्विनच्या माजी विद्यार्थ्यांच्या यादीत तुझं नाव घालायला समिती तयार झाली. शाळेतून काढलेल्याला ‘ऑस्विनियन’ म्हणवून घेता येत नाही, हे खरं. पण पस्तीस वर्षं झाली, शिवाय चिटणीस मीच आहे. त्यांनी तुला माफ केलं. सोबत शाळेचा टाय आहे. जूनच्या मेजवानीला तो लावून ये. आईला किती बरं वाटेल!

लोभ आहेच, तो वाढव.
लायनेल


फॉलमथ,
९ मे

ती. लायनेल यास पर्सीचा सा. न.

गुडघा कुरकुरतो, पण चालतो. टाय परत पाठवतोय, रागावू नकोस.

माफी कशाची रे? हेडमास्तरांची टोपी प्रार्थनाघराच्या कळसावरच्या, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पत्र्याच्या कोंबड्याला तू अडकवलीस. तुझं शेवटचं वर्ष वाया जाऊ नये म्हणून मी स्वतःचं नाव सांगितलं. वाटलं होतं, चार दिवसांत तू खरं बोलशील.

आई अजून पाहुण्यांना सांगते, हा माझा ऑस्विनियन, आणि हा पर्सी. मला यादी नको. फक्त आईला खरं काय ते सांग. अठ्ठ्याहत्तर वर्षांची झाली ती.

राग नाही, एवढं धरून चाल.
पर्सी


सॉल्झबरी,
२० मे

चि. पर्सी,

गुरुवारी आईकडे गेलो. चहा होईपर्यंत धीर झाला नाही, मग सगळं एका दमात सांगून टाकलं. वाटलं, रडेल, मला हाकलून देईल.

तिने शांतपणे कप खाली ठेवला. म्हणाली, मला ठाऊक आहे. त्या सुट्टीत माझी पेटी तिनेच उपसली होती. तळाशी कळसावर चढायला वापरलेला दोर सापडला. बाबांना दाखवला, तेव्हा ते म्हणाले, थोरला तरी ऑस्विनियन होऊ दे. दोर तिने चुलीत घातला आणि दोघं गप्प बसली.

हे तुला कळवू नये असं फार वाटलं. पण मी पस्तीस वर्षं लपवलं, तेवढं पुरे झालं. चिटणीसपद सोडलंय. त्याने तुझं काही परत येत नाही, कळतं मला.

आईने तुझ्यासाठी निरोप दिलेला नाही. मी दोनदा विचारलं.

लोभ मागायला तोंड नाही, तरी मागतो.
लायनेल