देवयानीतला कापूस

आर्णी, २८ नोव्हेंबर २००५

आमचे साळेसाहेब फुलसिंग गुरुजी यांस धावजी जवाईचा रामराम. तुमची तब्येत, पोरांची शाळा, म्हशीचा लंगडा पाय, सारं ठीक असन. मी ठीक आहो. हे आज छाती ठोकून लिहून राह्यलो, कारण मागचे चार दिवस मी स्वतःले आंधळा समजून होतो.

दोष तुमच्या दुर्बिणीचा. गुरुवारी जेवणं आटोपली, लोडशेडिंगचा अंधार होता, म्हणून अंगणात ती देवयानीच्या चांदण्यांवर लावली (तुमी दिलेल्या कागदावरचं चित्र पाहून, कागद वाचायचा राह्यला). तिथं एक पांढरा पुंजका! म्हटलं, काचेवर कापूस बसला. जिनिंगातल्या माणसाच्या चहातही कापूस निघते. काच खोलून पुसली, पुंजका तिथंच. नुसत्या डोळ्यानं पाह्यलं, तरी तिथंच! एक डोळा झाकला, मंग दुसरा. अरे बापा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू!

गुरुजी, जिनिंगात कापसाची प्रत मी नजरेनं ठरवतो (अन् पांढऱ्यावर पांढरा डाग दिसन कसा?). औंदा भाव पडलेला, लोक आधीच चिडून, 'दिसत नाही काय बे तुले?' म्हणतात. तेच खरं निघालं तर? किती जणांचा चांगला माल मी हलक्यात टाकला असन? भाकर गोड लागेना. शेवटी काल तुमच्या बहिणीले सांगितलं. मैनाबाईनं कंदील आपल्या तोंडापुढं धरला अन् म्हणाली, "डोळ्यात असता तर माझ्या तोंडावरही दिसला असता. दिसते काय?" नाही दिसला! मंग कागद वाचला. ती दीर्घिका आहे म्हणे, अब्जावधी ताऱ्यांची, बाजूले आणखी दोन लहान. उजेड निघाला पंचवीस लाख वर्षांपूर्वी, पोचला आत्ता (आपली एसटी उगाच बदनाम आहे). इतकं हलकं वाटलं का मी अंगणातच नाचलो.

तुमचा,
धावजी

ता. क. काल काच पुन्हा खोलून पुसली, ती उलटी बसली वाटते. आता सारं आभाळच पुंजके पुंजके. रविवारी येऊन बसवून द्या.

आणखी ता. क. काचेचं निमित्त आहे. कंदिलाच्या उजेडात मैनाबाईचं तोंड मी किती वर्षांनी नीट पाह्यलं. साफ दिसलं, अन् पांढरंफटक दिसलं. 'वेचणीचा थकवा आहे' म्हणते, दवाखान्याचं नाव काढू देत नाही. माझं ऐकत नाही, भावाचं ऐकन. रविवारची वाट पाहू नका, पत्र भेटल्याबरोबर निघा.