गच्चीवरचा आकडा

प्रिय टिल्लू,

चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या चव्वेचाळीस वर्षांच्या माणसाला टिल्लू म्हणणं बरं दिसत नाही, असं तुझ्या बायकोने मला चारदा सुनावलंय. पण हार्ट अटॅकनंतर दवाखान्यात तुला नळ्या लावलेल्या पाहिल्या तेव्हा माझ्या तोंडून तेच आलं आणि तू डोळे उघडलेस. आता मी कुणाचं ऐकत नसते. गोळ्या वेळेवर घेतोस ना? जिना हळू चढ, उगाच मर्दुमकी नको.

इकडे ऑफिसात सगळं तसंच. रोज गच्चीवर जाते, हवा मोजायचं यंत्र पुसते. आतल्या कागदी पट्टीवर तासातासाचा एकेक राखाडी ठिपका उमटलेला असतो, ती डोळ्यांना न दिसणारी बारीक धूळ. तिचा आकडा माझ्या मोबाइलवर येतो. दोन वर्षं तू रोज सकाळी बुटाची नाडी बांधताना मला फोन करायचास आणि मी ऐटीत सांगायचे, हवा छान आहे, पळ. माझी बहीण हवा मोजते म्हणून गिऱ्हाइकांना सांगायचास, तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

तुझ्या डॉक्टरीणबाईंना मी बाहेर गाठलं होतं. त्या म्हणाल्या, ही धूळ फुप्फुसातून थेट रक्तात उतरते, रक्तवाहिन्यांना आतून सूज आणते, गुठळी व्हायला निमित्त होते. एकट्या धुळीवर खापर फोडता येणार नाही, आपल्या बाबांचं हृदयही नाजूकच होतं. पण धावणारा माणूस हवा भराभर आत ओढतो, असंही त्या म्हणाल्या. तू मात्र सगळ्यांना सांगत सुटलायस की माझंच खाणं चुकलं.

गेल्या आठवड्यात हातात धरायचं छोटं यंत्र घेऊन तुझ्या धावायच्या रस्त्याने चालत गेले. चौकात बस इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, तिथे आकडा गच्चीच्या चौपट निघाला. दोनदा पाहिला. मग बसथांब्यावर बसून चारचौघांत रडले.

टिल्लू, यंत्राची जागा मी निवडली होती. यादीत तो चौकही होता. पण तिथे रोज शिडी चढावी लागली असती, आणि तेव्हा माझे गुडघे धरले होते. गच्चीपर्यंत लिफ्ट होती. मी सही करून मोकळी झाले. आणि हा आकडा तुझ्या रस्त्याचा नाही, हे तुला एकदाही सांगितलं नाही.

काल तुझा फोन आला. सोमवारपासून चालायला परवानगी मिळाली म्हणालास, आणि लगेच, ताई, आजचा आकडा? मी काहीतरी कारण सांगून फोन ठेवला. यंत्र चौकात हलवायचा अर्ज मी उद्या देतेय, त्यात माझी चूक लिहिली आहे. ती तुला आधी माझ्याकडून कळायला हवी. फोनवर तू जाऊ दे गं म्हणून मोकळा झाला असतास, आणि इतक्या स्वस्तात मला माफी नको. हवं तितकं रागाव, बोलणं टाक, पण सोमवारी त्या रस्त्याने पाऊल टाकू नकोस. मला एकच भाऊ आहे.

तुझीच,
ताई