जाहेदाची खुडूक कोंबडी

८ नोव्हेंबर

शेजारची जाहेदा सकाळी भिंतीवरून बोलत होती. मी मोगरा छाटत होते, अर्धवट ऐकत होते. सगळे सुरतेला निघालेत — नणंदेच्या मुलीचं लग्न. कोंबड्यांना दाणा-पाणी मी बघायचं. काळी कोंबडी पडवीतल्या टोपलीत अंड्यांवर बसली आहे. ‘तिले फक्त दाणा समोर ठेवा, भाभी, आन —’ पुढे आणखी काही म्हणाली. मी मान हलवली. किल्ली घेतली.

तिची लायबा रिक्षातून ओरडली, पिल्लं निघाली की फोटो पाठवा.

९ नोव्हेंबर

काळी उठत नाही. दाणा कालचा तसाच. डोळे तारवटलेले, छातीची पिसं झडलेली. मोलगीच्या बाजारातून जाहेदानं ती कडेवर घेऊन आणली होती, जीपमध्ये मांडीवर बसवून. आता तिच्याकडे बघवत नाही.

आमच्या घरात अंडं कधी आलं नाही. कोंबडी अंडी उबवते, एवढं पुस्तकातलं मला ठाऊक. उबवताना ती कशी दिसते, हे कुणी सांगायचं?

१० नोव्हेंबर

आज तिला उचललं. चोच मारली तिनं, बरीच जोरात. अंगणात डालग्याखाली, त्या पालथ्या मोठ्या टोपलीत, कोंडून ठेवली, भिजवलेले तांदूळ आणि पाणी दिलं. थोडा वेळ मोकळी बसेल, खाईल. तेवढ्यात टोपली साफ केली. जुनं गवत काढलं, नवं घातलं. गवतात एक गंजका खिळा होता — तिला टोचला असता. घरी आणून मोगऱ्याच्या कुंडीत टाकला.

सासूबाई ओट्यावर चवळी निवडत होत्या. ‘अंडास्ले हात लावा का तू?’

म्हटलं, हो. आजारी आहे ती.

‘ऱ्हाऊ दे ना तिले तठे. आपले काय समजस त्यातलं.’

मला हसू आलं. मग कॉलेजात गेले. दिवसभर छान वाटत होतं.

११ नोव्हेंबर

डालगं काढायचं राहिलं. सकाळी आठवलं. अंडी गार.

१२ नोव्हेंबर

मोबाइलवर वाचलं. अंडी उबवणारी खुडूक कोंबडी खात नाही म्हटलं तरी चालेल. तारवटते. छातीची पिसं झडतात, ऊब अंड्यांना थेट लागावी म्हणून. तिला काहीही झालेलं नव्हतं.

काल डालगं उचललं तेव्हा ती धावत गेली. टोपलीत चढली, पंख पसरले, एकेक अंडं चोचीनं पोटाखाली ओढून घेतलं. आज मी दाणा ठेवला आणि तिच्याकडे न बघता परत आले.

१४ नोव्हेंबर

संध्याकाळी अवकाळी पाऊस. विजा फार. खोडाशी पपयांचा सडा.

१५ नोव्हेंबर

ते आले. जाहेदानं सुरतेची घारी ही मिठाई दिली, खास शुद्ध तुपातली, सासूबाईंना चालेल अशी. ‘तुम्ही व्हत्या म्हणून मी निवांत बसनू लगनमा.’

घारी घेतली.

१९ नोव्हेंबर

पिल्लं निघायचे दिवस उलटले. आज जाहेदाच्या सासूनं एक अंडं कानाशी हलवलं. आत पाणी वाजलं. दुसरं, तिसरं — सगळी तशीच. लायबा विचारत होती, पण आत असतील ना?

त्यांच्यात, आणि आमच्या शेतावरच्या माणसांतही, उबवणीच्या टोपलीत लोखंड ठेवतात. विजेनं अंडी बिघडू नयेत म्हणून. हे मला आज कळलं, भिंतीपलीकडून. म्हातारीनं गवत उपसलं. लोखंड नाही.

‘लोहा रखा नहीं इसने. इतना भी ध्यान नहीं.’

‘रखा था, अम्मी. खिळा था.’

‘तो कहाँ गया? बिजली ले गई?’

हारुनभाई हसले. लायबाही हसली, बाप हसला म्हणून.

मी कुंडीजवळ गेले. खिळा मातीवर उघडा पडला होता. बोटानं आत दाबला. वरून माती सारखी केली. हे मी केलं.

२१ नोव्हेंबर

म्हातारीनं ठरवलं आहे — सगळ्या कोंबड्या येत्या बाजारात द्यायच्या. हिच्या हाताला जीव लागत नाही, म्हणे. लग्न होऊन आली तेव्हा जाहेदानं माहेरून एक कोंबडी आणली होती, या सगळ्या तिच्याच वंशातल्या, काळी तेवढी विकतची. त्या घरात तिचं म्हणावं असं दुसरं काही मी पाहिलेलं नाही.

विजेनं काही झालं नाही, खिळ्यानंही काही वाचलं नसतं. हे मला पक्कं माहीत आहे. त्याचा कुणालाच उपयोग नाही.

२२ नोव्हेंबर

सांगायला गेले. वाक्य तयार होतं. दारात पाय ठेवला तोच जाहेदानं हात धरून आत ओढलं, सासूसमोर उभं केलं.

‘अम्मी, आते भाभीलेच इचारा. भाभी, तुम्ही रोज दाणा ठेवत व्हत्या. टोपलीमा खिळा व्हता ना?’

म्हातारीनं चष्मा वर केला.

मी म्हटलं, मी पाहिला नाही.

जाहेदानं हात सोडला. रागानं नाही. चहा ठेवते म्हणाली.

२३ नोव्हेंबर

जेवताना सासूबाई म्हणाल्या, ‘सांगं का तू तिले?’

काय, म्हणून विचारलं.

त्या ताक प्यायल्या.

२४ नोव्हेंबर

उद्या बाजार. डालगी धुऊन वाळत घातली आहेत.

२५ नोव्हेंबर

सासूबाई उजाडताच जाहेदाकडे जाऊन आल्या. भिंतीवरून त्यांनी आजवर लोणचं दिलं, मेथी दिली, पण मटण शिजतं म्हणून तो उंबरा कधी ओलांडला नव्हता. आज आत जाऊन खाटेवर बसल्या. म्हणाल्या, कोंबडी मी उठवली, खिळा मी काढून फेकला, मला काय ठाऊक.

हे मला जाहेदानं सांगितलं. कोंबड्या राहणार. हसत होती, मग आवाज खाली केला. ‘तुमच्या सासूबाईले काही बोलू नका हं, भाभी. म्हातारं माणूस शे. व्हई जास.’

मी म्हटलं, नाही बोलणार.