धुई

रविवार, संध्याकाळ, मंडला

सकाळी सौसरहून निघालो. रामाकोन्याच्या पुढं घाटात अशी दाट धुई लागली, की रस्ताच दिसेना. मागं दोन्ही लेकरं. भीत भीत गाडी बाजूला उभी केली.

धाकटी मिनू म्हणे, "बाबा, हे काय?"

"धुई आहे."

तिला वाटलं, धुणं. "एवढं सगळं कोन धुऊन राहिलं?"

हसू यायला पाहिजे होतं, आलं नाही. धुई हळूहळू उचलली. एक सागवान, मग दुसरं, मग अख्खा डोंगर, ओलाचिंब, कोरा. नेहमीचाच घाट ना हा? ऊन पडलं तशी मिनू म्हणाली, "आता वाळू घातलं."

कोण धुतं, ते तिनं पुन्हा विचारलं नाही. मी मात्र मंडल्यापर्यंत तोच विचार करत आलो.