दादाने निवडलेली गाणी

२ फेब्रुवारी

ती.स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

सिनेगॉगच्या शाळेतला माझा गाण्याचा वर्ग गचके खातोय. मी शिकवते ती हिब्रू गाणी ऐकून मुलं मयताला आल्यासारखी बसतात. अकराची सहा झाली. महिनाअखेरच्या कार्यक्रमात रंग भरला नाही तर वर्गाला टाळं, असं कमिटीने तोंडावर सांगितलंय. दादाला विचार ना, टाळ्या वाजवत म्हणता येतील अशी तीन-चार गाणी निवडून दे म्हणावं. गळा माझ्या वाट्याला आला, पण गंमत सगळी त्याच्याकडे गेली. त्याचा दमा कसा आहे?

लोभावर हक्क सांगणारी,
तुझी धाकटी

९ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
शालोम आणि अनेक आशीर्वाद.

दादाला लिहायचे कष्ट नकोत, म्हणून मीच लिहिते. शुक्रवारी संध्याकाळी म्हणतो ते शब्बाथच्या स्वागताचं गाणं घे, पण दुडक्या चालीत. मग नोहाच्या तारवाचं. प्रत्येक मुलाला एकेक प्राणी दे आणि ओरडू दे पोटभर. हिब्रू अक्षरांचं गाणं हळू सुरू करून दर फेरीला वेग वाढव. तुझ्यासारख्या रडूबाईने मात्र मधे उभं राहू नये, नाहीतर उरलेली सहाही पळतील, असं दादाचं म्हणणं आहे. इकडची काळजी करू नकोस. त्याला आता दम्याचा त्रास नाही.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझी ताई

४ मार्च

ती.स्व. ताईस,
सा. न. वि. वि.

वर्ग वाचला! तारवातलं गाढव अजून माझ्या कानात ओरडतंय. सोडून गेलेली दोन मुलंही परत आली. दादाला सांग, रडूबाई मधे उभी राहिली आणि नाचलीसुद्धा. ही गाणी माझ्या दादाने निवडली असं मी मुलांना सांगितलं, तर आता त्याला बघायचंच म्हणून ती हटून बसलीत. सुट्टीत त्याला घेऊन ये. आणि त्याला दोन ओळीही खरडायला होत नाहीत का? मी रुसलेय म्हणावं.

दोघांच्या लोभातली,
धाकटी

१२ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

हे पत्र खाली बसून वाच. दादा गेला. तुझं पहिलं पत्र आलं, त्याच्या आदल्याच दिवशी आम्ही त्याला पुरून आलो होतो. तेव्हा कळवलं असतं तर तुला सात दिवस शोकाला जमिनीवर बसावं लागलं असतं, महिनाभर गाणं वर्ज्य झालं असतं आणि वर्ग बुडाला असता. आपल्या रिवाजात तीस दिवस उलटून बातमी कळली, तर भावासाठी एक तास जमिनीवर बसलं की पुरतं. म्हणून थांबले. गाणी मीच निवडली. रागाव हवं तितकं, पण वर्ग सोडू नकोस.

ताई

२० मार्च

ती.स्व. ताईस नमस्कार.

तासभर बसले. मग उठून वर्गावर गेले, कारण मुलं दारात येऊन उभी होती. ती गात होती आणि मी टाळ्या वाजवत होते. एका तासात काय काय रडायचं गं?

तुझा मला संताप आलाय. सात दिवस तू जमिनीवर बसलीस, आणि त्याच दिवसांत मला रडूबाई म्हणून चिडवलंस. कसं लिहवलं तुला? वर्ग बुडाला असता तर बुडाला असता. मुलांना दुसरी बाई मिळाली असती. तुझ्याशेजारी बसायला या जगात मी एकटीच उरले होते, आणि तू मला बोलावलं नाहीस.

लोभ आहेच. तो वाढावा असं आज मला म्हणवत नाही.

धाकटी