हातात जोर आल्यावर

बुधवार, १४ जून

ती. वन्संना,

साष्टांग नमस्कार. मी बरी आहे. तुम्ही आणि दोन्ही मुलं खुशाल असालच. हे वेळेवर जेवतात ना? पांढरी गोळी जेवणानंतरची आहे. आधी दिलीत तर दिवसभर कुरकुर ऐकावी लागेल.

फोन सोडून पत्र का, असं म्हणाल. फोनवर तुम्ही मला पुरतं बोलू देत नाही, आणि फोन ह्यांच्या उशाशीच असतो.

आधी चांगली बातमी. हातात जोर आलाय. तीन महिन्यांपूर्वी पलंगावरून खुर्चीत बसवताना हे पडले, खांदा निखळला आणि तुम्ही त्यांना घेऊन गेलात. जाताना दारात म्हणालात, "काड्यांसारखे हात तुझे, तू काय सांभाळणार!" ते मनाला लागलं. दवाखान्यात व्यायाम शिकवणाऱ्या बाई आहेत, त्यांना गाठलं.

त्या म्हणाल्या, एकदम वजन उचलायचं नाही. पहिले पंधरा दिवस नुसती भिंत. हातभर लांब उभं राहून तळवे भिंतीला टेकायचे, कोपरं वाकवून पुढे जायचं, सावकाश मागे यायचं. दहा वेळा, मग जरा दम खाऊन पुन्हा दहा. कळ आली की थांबायचं. त्यानंतर वजनं. दुकानातली कशाला, घरात अर्ध्या लिटरच्या बाटल्या होत्या, त्याच पाण्याने भरल्या. मोजताना आकड्यांऐवजी देवाचं नाव घेते. असं चालतं की त्यात पाप लागतं, अजून कळलेलं नाही.

एक दिवसाआड करा, असं त्यांनी बजावलं होतं. पण एकदा नेम धरला की खाडा कसा करायचा? मी रोज केलं. दुसऱ्या आठवड्यात कोपर असं धरलं की वेणी घालता येईना. बाई चिडल्या. "आजी, नेम देवापाशी ठेवा. हाताला सुट्टी लागते!"

"मी आजी नाही अजून," मी म्हटलं.

"मग आजीसारखा हट्ट करू नका."

परवा सोमवारी त्यांनी परीक्षाच घेतली. कमरेला धरायचा पट्टा बांधून पलंगावर बसल्या, अंग सैल सोडलं आणि म्हणाल्या, उचला मला. मी हातांनी ओढायला लागले तशा ओरडल्या, "हातांनी नाही हो! पाय रोवा, गुडघे वाकवा, मला अंगाशी घ्या. जोर पायांचा. हात फक्त धरून ठेवायला." तसं केलं, तर अलगद खुर्चीत बसल्या. ह्यांच्यापेक्षा वजनाने चांगल्या भारी असतील. म्हणाल्या, "रविवारी आणा त्यांना घरी. तुम्ही तयार आहात."

घरी येऊन देवापुढे बसले, तर काय मागायचं तेच सुचेना.

वन्सं, हात फक्त धरून ठेवायलाच लागत असतील, तर तेवढा जोर माझ्यात तेव्हाही होता. भरल्या बादल्या दोन जिने चढवणारे हात हे. त्या सकाळी मी तिसऱ्यांदा चादर बदलली होती. हे माझ्या गळ्यात हात टाकून अर्धे उठले आणि म्हणाले, "ताईला बोलाव. तुझं कशातच लक्ष नसतं." मग हे जमिनीवर होते. मधलं मला आठवत नाही. हात सुटले की मी सोडले? एकदा असं वाटतं, एकदा तसं. डॉक्टरांना सांगितलं, हातात जोर नव्हता. तुम्हालाही तेच. देवालाही रोज तेच सांगत आले.

आता जोर आहे. पुन्हा तसं झालं तर काय सांगू?

ह्यांची आठवण येते, हे खरं. घर शांत आहे आणि मला त्यात बरं वाटतं, हेही खरंच. त्यातलं कुठलं धरून चालायचं, समजत नाही.

रविवारचं मी ठरवणार नाही, तुम्हीही ठरवू नका. हे पत्र ह्यांना मोठ्याने वाचून दाखवा. माझी कीव येऊन चादरीपासून पुढचं गाळू नका. मग त्यांना विचारा, हिच्या हाती यायचं आहे का. जे बोलतील ते जसंच्या तसं कळवा, शिवी दिली तर शिवीसकट.

उत्तर येईपर्यंत स्वतःला तुमची भावजय म्हणवून घेते.

मी