बुक्कीने फोडलेला कांदा

शनिवार संध्याकाळ, लोणार

रागावण्यासारखं काही घडलेलं नाही, हे आधी लिहून ठेवते.

दुपारी ढाब्यावर जेवलो. मी नांदुऱ्याची, सायली पुण्याची. होस्टेलमध्ये तिने माझ्याकडून वऱ्हाडी उचलली आणि मी तिथेच ती टाकली. ढाब्याच्या मावशींना मी नीट विचारलं, "जेवायला काय आहे?" त्यांनी मेन्यूकार्ड दिलं.

सायली म्हणाली, "मावशी, लई भूक लागून राह्यली वं. भाकर अन् ठेचा दे!"

मावशी खुदकन हसल्या. "हाव वं बाई, बस." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, तुमाले तिखट चालते ना?"

सायलीच्या ताटात बुक्कीने फोडलेला कांदा आला. माझ्या ताटात सुरीने कापलेल्या चकत्या, सगळ्या एकाच जाडीच्या. भाषा तिला मीच शिकवली. मग हेवा कसला? पण वाटला, अजून वाटतोय.

तिने अर्धा कांदा पुढे केला. "घे ना बे."

"नको, मला त्रास होतो." साफ खोटं. घरी बाबा पहिला कांदा फोडतात तो माझ्यासाठीच.

निघताना मावशी तिला म्हणाल्या, "पुन्हा येजो वं." मला म्हणाल्या, "थँक्यू, मॅडम."